चढती टाकी

गोबर गॅस म्हणजे काय, हे चौऱ्याहत्तर साली अख्ख्या श्रीरामपुरात माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं! उगाच फुशारकी मारत नाही. कुणालाही विचारा. म्हणजे तेव्हा विचारायला हवं होतं. तेव्हा मी स्टँडवर, सलूनमध्ये, रॉकेलच्या रांगेत, जिथं माणूस सापडेल तिथं त्याला धरून समजावून सांगत होतो. मला बघून लोक रस्ता बदलायला लागले होते, इतकं मला ते कळत होतं!

तसा मी पेशानं ड्रॉइंग मास्तर. गोरक्ष मास्तर म्हणून गाव ओळखतं. आता ड्रॉइंग मास्तराचा आणि शेणाचा संबंध काय, असं तुम्ही म्हणाल. तर तो संबंध आमच्या आईमुळं आला.

आईचं नाव राहीबाई. तिचा सगळा जन्म चुलीपुढं गेला. त्यात मागच्या दुष्काळात गावाभोवतीची झाडं तुटून सरपण महाग झालेलं आणि आता रॉकेलचीही बोंब. मग बायकांनी जाळायचं काय? तुराट्या, उसाचं पाचट, अर्धवट वाळलेल्या गोवऱ्या, तुटकी पायताणं, हाताला लागेल ते चुलीत! संध्याकाळी आमच्या गल्लीत धूर असा कोंडायचा की समोरून येणारा माणूस खोकल्यावरून ओळखावा लागे. आईचे डोळे सदा लाल, सदा गळके. आधी सुईत दोरा जाईना, मग तांदळातला खडा दिसेना. आणि एक दिवस मी दारात उभा असताना तिनं मलाच विचारलं, "कोन हाय?"

"आई, मी गोरक्ष."

"व्हय का? मला वाटलं, दूधवाला आसाराम."

मी हसलो खरा, पण दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन निघालो. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "मास्तर, औषध मी देतो, पण धूर थांबवा. धूर असाच राहिला तर वर्षभरात ह्यांना काही दिसायचं नाही."

झालं! मी तिथंच शपथ घेतली. नुसता आमच्या घरातला नव्हे, अख्ख्या गल्लीतला धूर बंद करायचा! कारण आमची चूल विझवून काय उपयोग? शेजारच्या चुलींचा धूर काय आमच्या दारावर पाटी वाचून परत फिरणार होता?

माझा बेत अगदी सोपा होता. आमच्या मागच्या बाजूला आसारामचा म्हशींचा गोठा. त्याचं शेण निम्मं गटारात, निम्मं लोकांच्या पायाला. ते शेण पाण्यात कालवायचं, जमिनीतल्या खोल हौदात ओतायचं आणि हौदावर लोखंडी टाकी पालथी घालायची. आत गॅस तयार होतो. तो नळीनं शेगडीत येतो. धूर नाही, राख नाही! उरलेला काला खत म्हणून शेताला. गल्लीचं शेण, गल्लीचंच जळण, झाड तोडायला नको आणि रॉकेलच्या रांगेत उभं राहायला नको. आधी आमच्या घरात जोडणी करायची, मग घरोघर नळ्या न्यायच्या. गल्लीनं वर्गणी काढली, आसारामनं गोठ्याची जागा दिली आणि गोबर गॅसचे सुपरवायझर रंगनाथसाहेब मोटारसायकलवरून येऊन हौद, टाकी, नळी सगळं बसवून गेले.

जाताना ते घाईत होते. त्यांना तसंच पुढं जामखेडला दुसऱ्या टाकीच्या कामावर जायचं होतं. "गॅस धरायला दोनेक आठवडे लागतील. मी त्यानंतरच्या सोमवारी येतो, तोवर कॉकला कुणी हात लावू नका," एवढं बोलून त्यांनी गाडीला किक मारली.

साहेब गेले आणि जमलेल्या लोकांसमोर मी एकटाच राहिलो. आता लोक जमलेले आहेत म्हटल्यावर भाषण नको का करायला? मी गोठ्यातल्या दगडावर चढलो.

"बंधूंनो आणि भगिनींनो! या टाकीला साधी टाकी समजू नका! हिच्या पोटात जी शक्ती कोंडली जाणार आहे, ती विहिरीच्या सुरुंगाहून तसूभर कमी नाही! एक काडी, फक्त एक काडी लावा, आणि मग बघा!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट! आमच्या मंडळींनी, म्हणजे चांगुणानं, तर त्या भरात घरी जाऊन जुनी चूल फोडून टाकली. गॅस येईपर्यंत एका छोट्या स्टोव्हवर कसंबसं भागवू, म्हणाली. मला तिचा इतका अभिमान वाटला की सांगता सोय नाही.

फक्त सुरुंगाचं ते वाक्य मी बोलायला नको होतं. कारण गर्दीत पाठीमागं भिमाजीतात्या उभे होते!

भिमाजीतात्या म्हणजे सुरुंगवाले. बेलापूरपासून जामखेडपर्यंत विहिरींचे खडक त्यांनी उभ्या आयुष्यात फोडले. उजव्या हाताची दोन बोटं एका बारात गेली आणि डावा कान दुसऱ्या बारात. त्यामुळं ते नेहमी ओरडूनच बोलायचे. स्फोट या विषयात त्यांचा शब्द म्हणजे गल्लीत शेवटचा शब्द.

दुसरा आठवडा निम्मा सरला आणि टाकी हलली. गुरुवारी सकाळी बघतो तर वीतभर वर! मी नाचलोच. गल्ली बघायला लोटली. मी टाकीला हात लावून एखाद्या पैलवानाच्या वस्तादासारखा उभा राहिलो आणि कौतुक गोळा करत होतो. तेवढ्यात भिमाजीतात्या आले. टाकीभोवती एक फेरी मारली. खाली बसले. मग त्यांनी चांगला कान टाकीला लावला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मास्तर!" ते ओरडले. "आत बुडबुडतंय!"

"अहो, गॅस होतोय तात्या. बुडबुडायचंच."

"बार भरत आलाय म्हना की! मला येक सांगा. सुरुंगाला वात आसती. वात पेटली की मानूस पळतो, खडकाआड बसतो. ह्याला वात कुटं हाय?"

"याला वात नसते, तात्या."

"मग पळायचं कवा?"

मी हसण्यावारी नेलं, पण घरी जाताना सहज मागं वळून बघितलं तर टाकी मला आणखी वर आल्यासारखी वाटली.

शुक्रवारी टाकी माझ्या गुडघ्याच्या वर! आणि गल्लीत तोवर तात्यांनी प्रत्येक घरी जाऊन माझंच भाषण ऐकवलेलं. "मास्तर सोता बोललं! येक काडी लावा आन् बघा, म्हनलं!" बायका पोरांना घराबाहेर सोडेनात. आसारामच्या म्हशी घाबरल्या की नाही माहीत नाही, पण आसाराम घाबरला आणि त्यानं म्हशी सोडून बाजारतळावर नेऊन बांधल्या.

"मास्तर, कॉक सोडा की! जाऊ द्या ग्यास!" तो म्हणाला.

"अन् ग्यास जाईल कुटं?" तात्या गरजले. "गल्लीत! आन् गल्लीत हाय काय? घरोघर चुली! लोकांच्या तोंडात बिड्या! आन् ह्या भिंतीपल्याड इब्राहिमभाईची भट्टी! जाळ पकडला तर निम्मं शिरामपूर स्टेशनावर जाऊन पडंल!"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणायला हवं होतं, "छे! काही होत नाही." पण माझ्या तोंडून आलं, "तात्या म्हणतात त्यात तथ्य आहे."

भीती मोठी वाईट हो! एकदा का माणूस घाबरला की दुसऱ्याचं घाबरणं त्याला शहाणपणाचं वाटायला लागतं. तिथल्या तिथं फर्मान निघालं: गल्लीत कुणी जाळ करायचा नाही! चुलींवर पाणी ओतलं गेलं. बंबात विस्तव नाही, देवापुढं निरांजन नाही, उदबत्ती नाही. शेजारच्या बनुबाईंनी तर तव्यावरची भाकरी अर्धी कच्ची उतरवली. बिडी ओढायला माणसं थेट स्टँडवर जायला लागली आणि परत येताना तात्या एकेकाचं तोंड हुंगायचे.

राहिली इब्राहिमभाईंची भट्टी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची बेकरी. पाव, टोस, खारी. मी, तात्या आणि आसाराम त्यांच्याकडे गेलो.

"मास्तर," इब्राहिमभाई हळूच म्हणाले, "ही भट्टी माझ्या अब्बांनी पेटवलेली. ईदलासुद्धा आम्ही तिच्यात निखारा जिता ठेवतो. तुम्ही शिकलेले आहात. तुम्ही सांगा. खरंच उडंल का हो?"

आता काय सांगू? मी पुन्हा भिंतीपलीकडं नजर टाकली. टाकीचा माथा आता भिंतीच्या खिंडारातून डोकावत होता!

"उडेल असं नाही," मी म्हणालो. "पण उडणारच नाही असंही नाही."

इब्राहिमभाईंनी पाण्याची बादली उचलली आणि भट्टीत ओतली. फस्सकन वाफ आली. आतून त्यांच्या बीबी जहिरा रडायला लागल्या. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या भल्या माणसानं वर उरलेल्या टोसांची टोपली माझ्या हातात दिली, "गल्लीत चूल नाही, लोक खातील काय?" म्हणाला. पुढं गल्ली त्या टोसांवर, दह्यात कालवलेल्या पोह्यांवर आणि कच्च्या कांद्यावर जगली. कुणाच्या घरात चहा नाही! चहाविना नवरे बायकांवर खेकसत होते, बायका पोरांवर, आणि सगळे मिळून माझ्यावर.

शनिवारी टाकी आणखी चढली. हौदातून एवढी वर आली की आता उलटून पडेल का काय असं वाटावं! तेव्हा आसारामला युक्ती सुचली.

"वर येतीय ना? मंग वजन ठिवा!"

सगळ्यांना पटलं. मला तर फारच पटलं. आधी पाटा आला. मग वरवंटे. मग बनुबाईंचं जातं. आसारामनं स्वतःचं जोंधळ्याचं पोतं वर चढवलं, पाठोपाठ पेंडीचं. टाकी थोडी खाली बसली. आम्ही टाळ्या वाजवणार, इतक्यात तिच्या कडेनं आवाज यायला लागला. सूंऽऽऽ!

"वात पेटली!" तात्या किंचाळले आणि अख्खी गल्ली गोठ्याबाहेर! चेंगराचेंगरीत माझी एक चप्पल शेणात राहिली. ती आजतागायत तिथंच आहे.

बनुबाईंना मात्र वेगळंच सुचलं. त्या नाकासमोर पदर धरून आत गेल्या. टाकीला हळदकुंकू वाहिलं, "बाई गं, शांत हो, आमची लेकरंबाळं हायती," म्हणाल्या, आणि आम्ही "नको! नको!" म्हणेपर्यंत त्यांनी टाकीच्या कडेवर नारळ हाणला.

ठण्ण!

मी ओट्याखाली होतो. इब्राहिमभाई माझ्या अंगावर. त्यांच्या अंगावर आसाराम. मग बनुबाई बाहेर आल्या आणि प्रत्येकाच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवून गेल्या.

रविवारी टाकी तिरकी झाली. आता कडेनं नुसता आवाज नाही, तर बुडबुडे आणि वास! गल्ली अर्धी रिकामी झाली. माणसं बोचकी घेऊन पाहुण्यांकडं चालती झाली. उरलेल्यांची आमच्या ओट्यापुढं सभा भरली. मला काही विचारलंच नाही. ठराव असा: हौदात माती टाकायची, टाकी बुजवायची आणि ज्याच्या त्याच्या घरात चूल. चांगुणानं तर सभा संपायच्या आत घमेल्यात माती भिजवायला घेतली.

"अगं, पण डॉक्टर काय म्हणाले? आईचे डोळे!" मी म्हणालो.

चांगुणाचे हात थांबले. डोळ्यांत पाणी आलं. "मला काय कळत नाही का हो? पण डोळे वाचवायला जाऊन माणसंच राहिली नाहीत तर?"

ओट्यावर आई बसली होती. ती म्हणाली, "घाल गं चूल. माझं किती दीस ऱ्हायल्यात! डोळं गेलं तर गेलं. पर माझं पोरगं उडून जायला नगं."

हे ऐकलं आणि मला काय झालं कोण जाणे. मी एवढा घाबरट माणूस, अंधाऱ्या माळ्यावर एकटा जात नाही, खोटं कशाला बोलू? पण आईचं ते बोलणं ऐकवेना. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "थांबा! मी शेगडी पेटवतो. पेटली तर टाकी राहील. नाही पेटली तर खुशाल बुजवा."

"आन् उडाली तर?" आसारामनं विचारलं.

"तर बुजवायची गरजच राहणार नाही."

हे वाक्य मी फार धीरानं बोललो. वाटलं होतं, कुणीतरी म्हणेल, "नका हो मास्तर!" कुणी म्हटलं नाही! उलट तात्या आनंदानं उठले आणि कामाला लागले. त्यांनी कुठूनतरी सुरुंगाच्या वेळचं लाल फडकं आणलं. इब्राहिमभाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले, "माफ करा मास्तर, काही कमीजास्त बोललो असलो तर," म्हणाले. जिवंतपणी इतक्या प्रेमानं त्यांनी मला कधी निरोप दिला नव्हता. मग तात्यांनी सोंदूर, म्हणजे मोटेचा जाड दोर, आणला आणि माझ्या कमरेला बांधायला लागले.

"तात्या, हे कशाला?"

"विहिरीत मानूस सोडताना बांधतोच आमी. आतनं आवाज आला न्हाई तर ओढून काढायचं. उरल त्येवढं तरी हाताला लागतं!"

उरेल तेवढं! चांगुणा पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी म्हणालो, "आईला घेऊन लांब जा." पण आई ओट्यावरून हलेना.

"मी हितंच बसनार. तू आत हायेस न्हवं? मग मला लांब जाऊन काय करायचंय?"

हात जोडले, पाया पडलो, पण ऐकेना. आता मेलो तर नुसता मीच मरणार नव्हतो! तरी कसाबसा आत गेलो.

स्वयंपाकघरात मी, नवी कोरी शेगडी आणि काड्यापेटी. बाहेर तात्यांचा खडा आवाज, "बार हायऽऽ! लांब व्हा रेऽऽ!" मग धडाधड माणसं आडवी पडल्याचे आवाज. मग सगळं चिडीचूप. इतकं, की टाकीचं सूंऽऽ मला भिंतीतून ऐकू यायला लागलं.

मी कुलदैवताला नवस बोललो. मग ज्या ज्या देवाचं नाव आठवलं त्याला बोललो. आठवीच्या वर्गातल्या ज्या पोरांना उगाच छड्या मारल्या, त्यांची मनातल्या मनात माफी मागितली. चांगुणाची तर दोनदा मागितली. आणि कॉक फिरवला.

फुस्स!

वास आला. मी डोळे गच्च मिटले, तोंड भिंतीकडं वळवलं, हात लांबवला आणि काडी ओढली.

काही नाही. एक डोळा उघडून बघितलं. काडी विझलेली.

दुसरी ओढली. शेगडीजवळ नेली, तीही विझली. तिसरी, चौथी, पाचवी! प्रत्येक काडीला वाटायचं, ही शेवटची! प्रत्येक वेळी मी मनात मरत होतो आणि परत जिवंत होत होतो. पेटी संपत आली तरी शेगडी थंडच. घशाला एवढी कोरड पडली होती की आवाज निघेना. आणि आवाज निघाला नाही म्हटल्यावर बाहेरच्यांनी काढायचा तो अर्थ काढला.

"मास्तर गेलं!" तात्यांची आरोळी आली. "वढाऽऽ!"

अहो, काय ओढलं! कमरेला हिसका बसला आणि मी उताणा. स्वयंपाकघरातून माजघरात, माजघरातून उंबऱ्यावर दणका खाऊन ओट्यावर, ओट्यावरून पायऱ्यांवर ठक् ठक् करत थेट गल्लीत! हातात काड्यापेटी तशीच. भोवती सगळी गल्ली जमली. कुणी "आहे! आहे! श्वास आहे!" म्हणतंय, चांगुणा माझं डोकं मांडीवर घेऊन रडतेय, आणि तेवढ्यात मोटारसायकलचा फटफट आवाज.

रंगनाथसाहेब! जामखेडचं काम लवकर उरकलं म्हणून रविवारीच आले होते. त्यांनी आडवं पडून मातीनं माखलेल्या माणसांकडं बघितलं, लाल फडक्याकडं बघितलं, माझ्या कमरेच्या दोराकडं बघितलं. मग गोठ्यात डोकावले आणि ओरडले, "टाकीवर जातं कुणी ठेवलंय?"

मी पडल्या पडल्या सगळं सांगितलं. साहेबांनी कपाळाला हात लावला.

"अहो मास्तर! गॅस जास्त झाला की कडेनं आपोआप निघून जातो. टाकी फुटेल कशाला? आणि पहिल्यांदा भरलेल्या टाकीतला गॅस कुठं जळतो? काडी लावली तर काडीच विझते! ती टाकी नुसती सोडून द्यायची असते. दुसऱ्यांदा भरते ती जळते. तेच सांगायला तर मी येणार होतो!"

म्हणजे आम्ही इतके दिवस कशाला भ्यालो? जे पेटवायचं म्हटलं तरी पेटत नाही, त्याला!

गल्लीनं एकदमच माझ्याकडं बघितलं. भिमाजीतात्या लाल फडक्याची घडी घालत म्हणाले, "मला पैल्यापासनं वाटतच हुतं!" आसाराम धावत गोठ्यात गेला आणि तिथून त्याची बोंब आली. टाकी तिरकी झाल्यावर त्याचं जोंधळ्याचं पोतं घसरून हौदातल्या शेणकाल्यात बुडालं होतं. इब्राहिमभाई काही न बोलता भट्टी पेटवायला निघाले. साहेबांनी त्यांना थांबवलं, "तरी खबरदारी म्हणून एवढा गॅस सोडून देतो, मग पेटवा." आणि टाकी एखाद्या दमलेल्या म्हशीसारखी हळूहळू खाली बसली.

मी उठून उभा राहिलो. मान वर करायची सोय नव्हती. गल्लीतून पळून जावं, श्रीरामपूर सोडावं, बदली मागून घ्यावी, असले विचार डोक्यात चाललेले. तेवढ्यात ओट्यावरून आईची हाक आली.

"गोरक्षा, हिकडं ये. उजेडात उभा ऱ्हा."

मी जाऊन उभा राहिलो. आई माझ्याकडं बघत होती. पदरानं डोळे पुसत नव्हती! डोळ्यांना पाणीच नव्हतं. लाली उतरलेली.

"कुनाच्याच घरचा धूर न्हाई ना," ती म्हणाली. "कालपासनं डोळं गळायचं थांबलंय. ती बघ इब्राहिमभाईची कवाडं, निळी हायती. आन् तू किती वाळलास रं! मिशीत पांढरं आलंय तुझ्या."

"आई, तुला दिसतंय?" मी विचारलं. चांगुणा पुढं आली. बनुबाईंनी डोळ्याला पदर लावला. भिमाजीतात्यांनीसुद्धा टोपी काढली. सगळी गल्ली आता माझ्याकडं निराळ्याच नजरेनं बघायला लागली. मी छाती थोडी पुढं काढली, मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आई, सगळं नीट दिसतंय ना?"

"समदं दिसतंय, बाळा. लख्ख दिसतंय," आई तितक्याच मोठ्यानं म्हणाली. "म्हनून सांगते, आधी आत जा आन् लेंगा बदल."

ते बादलीतलं पाणी होतं. ओढाओढीत बादली लवंडली होती. स्वयंपाकघरात त्या दिवशी बादलीच नव्हती असं चांगुणा अजून सांगत असते, पण तिच्या बोलण्याकडं तुम्ही लक्ष देऊ नका!